पंचफुलाचा वाल

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तालुक्याच्या कचेरीच्या पाटीवर 'जिल्हा लातूर' असं नव्यानं रंगवलेलं होतं. पण रंगात पाणी जास्त पडल्यामुळं खालून 'उस्मानाबाद' डोकावत होतं. त्या वर्षी तालुक्यात पाणी जास्त पडल्याचं एवढं एकच उदाहरण.

अशा वर्षी भर वैशाखात कचेरीच्या आवारात 'गावरान बियाणे देवाणघेवाण व परसबाग मेळावा' भरला. परसबागेला काय काय लागतं, याची पाणी सोडून सगळी माहिती तिथं मिळणार होती. मंडप होता, भोंगा होता आणि टँकर वेळेवर आला तर चहासुद्धा होता. नियम एकच होता. आपल्याकडचं बी द्यायचं, दुसऱ्याकडचं घ्यायचं. पैशाचं नाव काढायचं नाही.

चिंचोलीचे निवृत्ती या मेळाव्याला पहिल्या एसटीनं आले. खिशात कारल्याचं मूठभर बी. दारावर विस्तार अधिकारी वीरभद्रप्पा स्वतः माणसं नोंदवत बसले होते. त्यांनी विचारलं, "काका, जिल्हा?"

"कोणता सांगू? बिदरात जन्मलो, उस्मानाबादेत लगीन केलं, लातुरात म्हातारा झालो. गाव सोडून कुठं गेलो न्हाई."

वीरभद्रप्पा हसले. "आणलंय काय, अन् पाहिजे काय?"

"आणलंय कारलं. पाहिजे वाल. आमच्या पंचफुलाचा."

तो वाल त्या पट्ट्यात नावानं ओळखला जायचा. तांबूस दाणा आणि पोटावर काळा ठिपका, लेकराला तीट लावल्यासारखा. पंचफुलाच्या आईनं तो तिच्या लग्नात ओटीत घातला होता आणि आईला तिच्या आईनं. पोरीच्या पदरात परसातल्या वेलाचं बी बांधल्याशिवाय तिला वेशीबाहेर काढायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत. सोनं कमी पडलं तर व्याही वर्षभर बोलायचे, बी विसरलं तर बायका जन्मभर.

पंचफुला शिमग्याच्या आधी तापानं गेली. आई गेल्यावर पोरीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून लेकीची, द्वारकाची, सोयरीक नांदेड जिल्ह्यात, लोह्याकडं, घाईनं जमवली होती. जेठात लग्न. निवृत्तींनी ओटीसाठी उतरंडीतलं वालाचं गाडगं खाली काढलं. तोंड शेणामातीनं नीट लिंपलेलं होतं. फोडलं तर आत राख. राखेत बी राहतं म्हणून त्यांनी ती परातीत ओतली, बोटांनी चाळली, मग चाळणीनं चाळली. राखच होती.

शेजारी विचारलं असतं तर? पण दुष्काळात 'बी हाय का' असं विचारणं म्हणजे 'घरात खायला हाय का' असं विचारणं. तसं कुणी कुणाला विचारत नसे. मेळाव्यात मात्र विचारायला सरकारची परवानगी होती, तीही भोंग्यावरून.

आणि निवृत्तींना काळजी अशी नव्हतीच. पंचफुलानं वाल दिला नाही असं घर दाखवा! दरवर्षी संक्रांतीच्या वाणाला बायका आरसे, फण्या लुटायच्या. ही वाल लुटायची. निवृत्ती चेष्टेनं म्हणायचे, "सगळं गाव पेरून ठिवलंस. आपल्याला काय ठिवलंस?" ती म्हणायची, "गावात हाय म्हंजे आपल्यातच हाय की."

मंडपात पहिल्याच ओळीत शेजारची सरजाबाई बसली होती. पुढं सुपात अंबाडीचं बी.

"काय भावजी, तुमी बी आलाव?"

"आलो. वैनी, वाल द्या चार दाणे. द्वारकीच्या ओटीला."

सरजाबाई हसली. "चेष्टा करायलाव का? गंगेकाठी बसून मला पाणी मागताव."

"आमच्यातला सरला."

"सरला?" सरजाबाईचं हसू ओठावर तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. "आवं, तुमच्यातला कसा सरंल?"

"तुमी द्या की."

ती सुपातली अंबाडी उगीच पाखडू लागली. "आमी खाल्ला. पौषात."

"बियाचा?"

"बियाचाच. दुसरं काय व्हतं घरात?"

निवृत्तींनी मान हलवली. भुकेला कोण बोलणार? ते पुढं सरकले. पुढं बौद्धवाड्यातली नागुबाई होती. तिचा पोरगा उदगीरला मास्तर. तिनं दुधीचं बी त्याच्या जुन्या शाळेच्या डब्यात आणलं होतं. पंचफुला तिलाही वाल द्यायची. पहिल्या वर्षी वरून पदरात टाकला होता. मग हातावर ठेवू लागली. मग एका वर्षी नागुबाईच्या ओट्यावर बसून दोघींनी तो निवडला होता. गावानं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण तोवर गावातला निम्मा वाल नागुबाईच्या मांडवावरचाच होता.

"निवृत्तीभाऊ, असता तर मागायच्या आधी दिला असता," ती म्हणाली. "मला वाटलं, पंचफुलाबाईकडं कणगीभर हाय. आमी शिजवला."

"समद्यांनाच कसं वाटलं, नागुबाई?"

नागुबाईनं सरजाबाईकडं पाहिलं. सरजाबाईनं सुपाकडं.

"सांग की," नागुबाई म्हणाली. "आता काय झाकायचं."

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. "भावजी, पौषात तुमच्या घरून वालाच्या उसळीचा वास आला. मी म्हणलं, एवढ्या दुष्काळात पंचफुलाक्का वाल शिजवायलीय, म्हंजे बियाचा बाजूला काढून वरचा शिजवायलीय. एक दिस आला, तवा मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्ना आला. मग मी बी मडकं फोडलं. म्हणलं, पुढच्या साली अक्काकडून आणू."

"अन् माझ्या सुनेनं सरजाबाईच्या घरचा वास घेतला," नागुबाई म्हणाली.

असा तो वाल गावातून गेला. जसा आला होता तसाच, या घरून त्या घरी.

निवृत्तींना तो पौषातला दिवस आठवला. रोज नुसती रेशनच्या ज्वारीची भाकर आणि मीठ. त्या दिवशी ताटात उसळ. त्यांनी विचारलं, "वाल कुठून आला?" ती म्हणाली, "हाय, खावा." त्यांनी खाल्ला. बऱ्याच दिवसांनी जिभेला जीभ असल्याचं कळलं. हात धुता धुता ते म्हणाले होते, "उद्या बी कर."

तिनं केला.

तिनं स्वतः खाल्ला का, हे काही केल्या त्यांना आठवेना. वाढताना हात आठवत होता, पळी आठवत होती, तिचं ताट आठवत नव्हतं. तिनं गाडगं पुन्हा राखेनं भरून, लिंपून, उतरंडीला जिथल्या तिथं ठेवलं होतं. तिचा हिशेब सोपा असणार: गावात एवढ्या घरी हाय, कुणीतरी देईलच. गावाचाही तोच हिशेब होता.

ते मंडपात शेवटपर्यंत फिरले. परगावच्या बायकांनाही विचारलं. देगलूरकडच्या एका बाईनं तेलुगू-मराठीत सांगितलं की, ठिपक्याचा वाल ना, चिंचोलीला जा, तिथं एक अक्का आहे, ती कुणालाही देते.

तेवढ्यात भोंगा खरखरला. वीरभद्रप्पा माणूस मनापासून काम करणारा. दिवसभर त्यांनी येईल त्या बाईला विचारलं होतं की, तुमच्या परसात आजवरचं सर्वांत चांगलं वाण कोणतं आणि कुणी दिलं. उत्तर इतक्या वेळा एकच आलं होतं की, त्यांनी बक्षीसच काढलं.

"सर्वाधिक घरी पोहोचलेलं गावरान वाण, पंचफुलाचा वाल! पंचफुलाबाईंच्या वतीनं त्यांच्या यजमानांनी यावं."

टाळ्या वाजल्या. निवृत्ती व्यासपीठावर गेले. नारळ दिला, शाल घातली. वैशाखात शाल घालण्याची पद्धत नव्या जिल्ह्यानं जुन्या जिल्ह्याकडून जशीच्या तशी घेतली होती. वर सुधारित वालाच्या बियाण्याचं एक पाकीट दिलं.

"दोन शब्द बोला, काका."

भोंगा त्यांच्या तोंडापुढं आला. समोर सरजाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. नागुबाई जमिनीकडं बघत होती.

"चवीला," निवृत्ती म्हणाले, "लई चांगला व्हता."

पुन्हा टाळ्या वाजल्या. मागं कुणीतरी 'वा' सुद्धा म्हणालं.

खाली उतरल्यावर वीरभद्रप्पांनी पाकिटावरची ओळ दाखवली. "काका, एवढं ध्यानात ठेवा. याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावलंय. हे खायचं नाही."

निवृत्तींनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "असं व्हय," ते म्हणाले. "हे तिला आधी सांगायला पायजे व्हतं, साहेब."

साहेबांना कळलं नाही. त्यांनी हसून पाठीवर हात ठेवला.

जेठात लग्न लागलं. पाण्याच्या टंचाईमुळं पाहुणे कमी आले, आणि जे आले त्यांनी येताना आपापल्या घागरी आणल्या. त्या दिवशी सकाळी निवृत्ती मागच्या दारी उकिडवे बसले होते. पुढं पाटावर पाकिटातले दाणे पसरलेले. सगळे फिकट, सगळे एकाच मापाचे, पलटणीत उभे केल्यासारखे. जवळ पंचफुलाची काजळाची डबी. तुराटीची काडी टोकाला चावून त्यांनी बारीक केली होती. काही ठिपके पोटावर बसले, काही पाठीवर, आणि एकदोन दाणे तर पुरते काळे झाले.

ओटी भरायला सरजाबाई पुढं झाली. निवृत्तींनी फडक्यातले दाणे तिच्या ओंजळीत ओतले. तिनं ते पाहिले. मग त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या बोटांना काजळ होतं.

"वाल हाय," ते म्हणाले. "आईचा."

"हाव," सरजाबाई म्हणाली. "अक्काचाच हाय." आणि तिनं तो द्वारकाच्या पदरात बांधला.

मागं नागुबाई उभी होती. तीही "हाव" म्हणाली. मग एकेक करून सगळ्या बायका म्हणाल्या. त्या सगळ्यांनी तो वाल कधीतरी पेरला होता आणि सगळ्यांनी खाल्ला होता. तो कसा दिसतो हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत?

उन्हात पदर घामानं ओला झाला. गाठीतून काजळ उतरलं आणि नव्या पिवळ्या लुगड्यावर एक काळा डाग हळूहळू पसरत गेला. द्वारकानं तो पाहिला. गाठ हाताशी घेतली, कापडावरूनच दाणे चाचपले. लहानपणापासून आईपाशी बसून तिनं वाल निवडला होता. बोटांना दाण्याचं माप ठाऊक होतं.

बैलगाडी वेशीला आली तेव्हा ती खाली उतरून बापाच्या पाया पडली.

"दादा, पेरल्यावर पहिल्या शेंगा तुमाला पाठवीन."

"नगं," निवृत्ती म्हणाले. "पाठवू नगंस. मी खाईन."

गाडी निघाली. द्वारकानं डागावर हात ठेवला होता, तो वेस ओलांडेपर्यंत काढला नाही.