भय्याजींचे तांदूळ

भय्याजींच्या घराण्यात तीन पिढ्या चोर पकडण्याचं काम चालत आलं होतं, आणि तीन पिढ्यांत चोराच्या मागे धावलं मात्र कोणीच नव्हतं. धावायची गरजच काय? रात्रभर मारुतीपुढे ठेवलेले कच्चे तांदूळ सकाळी संशयितांना चिमूट चिमूट चावायला द्यायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायला लावायचं. ज्याचे ओले निघाले तो साव. ज्याचे पिठासारखे कोरडे निघाले तो चोर. आजोबांनी दिले, वडिलांनी दिले, आणि भंडाऱ्याकडची शेती भावाला सोपवून भय्याजी भिलाईला आले, तेव्हा लोखंडी ट्रंकेसोबत ही विद्याही घेऊन आले.

पोलादाचा कारखाना तेव्हा नुसता उभा राहत होता. भय्याजी क्रेनने अवजड लोखंड चढवणाऱ्या टोळीचे मुकादम. कॅम्प एक या मजूरवस्तीतल्या त्यांच्या लाइनीत, म्हणजे खोल्यांच्या रांगेत, सगळी विदर्भाची माणसं; अर्धी शेतकऱ्यांची पोरं, अर्धी दीक्षा घेतलेली बौद्ध कुटुंबं. भांडणं होत, मिटत. मिटवायला भय्याजी असत, कारण त्यांच्या शब्दामागे तांदूळ होते.

एका दिवाळीत शेजारच्या बेबीताईची पितळी परात गेली, तेव्हा लोक पोलिसांकडे न जाता भय्याजींकडेच गेले. लाइनीत शालिकराम नावाचा एक हेल्पर होता. शेजारी कोणी जोरात शिंकलं तरी दचकणारा. त्याचे तांदूळ कोरडे निघाले. "मले भेव लागून राहिलं भय्याजी, म्हणून तोंड सुकलं," तो हात जोडून सांगत होता. भय्याजी हसले. "कर नाही त्याले डर कायची?" झालं. शालिकराम गाठोडं उचलून जवळच्या सुपेला वस्तीत राहायला गेला. परात काही सापडली नाही, पण चोर सापडला होता, आणि लोकांचं तेवढ्यावर भागलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भय्याजींच्या पोटात कळा येऊ लागल्या. बायको कमला मागेच लागली, म्हणून ते कॅम्पातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नागपूरकडचे, समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली बाटली भरून दिली आणि म्हणाले, "या औषधाने तोंड कोरडं पडेल, घाबरू नका. लाळेच्या गाठींकडे मेंदूतून दोन तऱ्हेच्या नसा जातात. चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटतं ना, ते पहिल्या नसेचं काम. तिच्या निरोपाने पातळ, भरपूर लाळ येते. माणूस घाबरला की दुसरी जोर करते आणि पहिली गप्प बसते. मग लाळ थोडी, तीही चिकट. हे औषध पहिल्या नसेचा निरोपच अडवतं. पोटाकडेही तिच्यासारखीच नस जाते, म्हणून कळ थांबते."

भय्याजींना ते चटकन समजलं. एका क्रेनला हाताने खुणा करणारे दोन जण असले तर काय होतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"आणि जेवताना घास नीट चावा," डॉक्टर म्हणाले. "लाळेत पाचक रस असतो. भाकर चावता चावता गोड लागते ती त्यानेच."

भय्याजींनी मान डोलावली आणि बाटली खिशात घातली. आपण तीन पिढ्या ज्या जोरावर न्याय दिला, त्याचं गुपित या माणसाने आत्ता आपल्या हातावर ठेवलं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी ते बाटलीबरोबर खिशातच ठेवलं असतं.

औषध लागू पडलं. कळ थांबली, आणि त्याच आठवड्यात लाइनीची गॅसबत्ती गेली.

ही गॅसबत्ती सगळ्यांची होती. शनिवारच्या भजनाला तीच, बाबासाहेबांच्या जयंतीला तीच. मधल्या मांडवात खुंटीला टांगलेली असे. जयंती तोंडावर आलेली आणि खुंटी रिकामी. जयंतीची तयारी जानराव वेल्डरकडे होती, म्हणून लाइनीतल्याच चंपतने सगळ्यांदेखत त्याच्यावर बोट ठेवलं. जानराव सरळ बोलणारा माणूस. गावच्या पाटलापुढे जी मान वर केली ती पुन्हा खाली न घेतलेला.

"आमाले बत्ती पायजे तं आमी मागून नेऊ. आजवर मागूनच नेली न?" जानराव म्हणाला.

"मंग तांदूळ खा," भय्याजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी सगळी लाइन मांडवात जमली. फक्त लाइनीचा छत्तीसगढी चौकीदार सुखराम नव्हता; तो भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. "जो हाजर नाही त्याचे तांदूळ कोन खाईन?" असं म्हणून भय्याजींनी त्याला मोकळा केला.

जानराव पुढे आला. "हे पाहा भय्याजी, देव-बिव मी मानत नाही. मारुती बाजूले ठेवा अन् नुसते तांदूळ द्या. रातपाळी करून आलो, भूक लागली. पन एक गोठ. सगळे खातीन तं तुमीबी खा."

"आन इकडं! मले कायचं भेव?" भय्याजी म्हणाले. सकाळचा डोस घेऊन त्यांना अर्धा तास झाला होता.

जानराव चवीने चावत राहिला. डोळ्यांसमोर बहुतेक आंबाडीची भाजी आणत असावा, कारण पानावर पडलं ते चांगलं लगद्यासारखं ओलं. "गोड लागते बाप्पा," तो म्हणाला, "अजून हायेत काय?" लोक हसले. मग चंपत, फकिरा, एकेक करत सगळे झाले. सगळ्यांचे ओले. मारुतीवर विश्वास असणाऱ्यांचे जरा कमी ओले, पण ओलेच.

शेवटी भय्याजींनी चिमूट तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. जीभ इकडून तिकडे फिरवली, पण तोंडात टिपूस नव्हता. पहिली नस गप्प होती. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ते घाबरले. तेव्हा दुसरीही कामाला लागली. त्यांनी पानावर थुंकलं ते थुंकणं नव्हतंच. पांढरं पीठ पडलं आणि वाऱ्याने थोडं उडालंही.

पुढची माणसं पानाकडे वाकून पाहू लागली.

"अवो, तुमचं औषध!" कमला बायकांतून ओरडली. "डॉक्टरनं सांगतलं न, तोंड सुकते म्हणून! दाखवा न ती बाटली!"

"चोराले औषध बरं सापडते," चंपत म्हणाला आणि मग, भय्याजींच्याच चालीवर, "कर नाही त्याले डर कायची?"

बाटली खिशात होती. हात तिच्यापर्यंत गेलाही. तेवढ्यात जानरावच मध्ये पडला. "थांब रे चंपत. भय्याजी चोर नाही, हे मी सांगतो. चोर असन तं हे तांदूळ. भय्याजी, तुमी येवढंच म्हना का तांदूळ खोटे हायेत. गोठ संपली."

येवढंच म्हणायचं होतं. भय्याजींनी पानावरच्या पिठाकडे पाहिलं. तांदूळ खोटे म्हटले की आपण सुटतो. पण मग परातीच्या वेळीही ते खोटेच. मग वडिलांनी गावात ज्यांना ज्यांना धरलं, आजोबांनी ज्यांना वेशीबाहेर घालवलं, ती सगळी माणसं उठून दारात उभी राहणार, आणि सर्वांत पुढे गाठोडं घेतलेला शालिकराम. भय्याजींना जिवाचं पाणी पाणी होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. फक्त त्यातला थेंबही तोंडात आला नाही. चोर म्हणून जगता येईल, त्यांना वाटलं. खोटा पंच म्हणून कसं जगायचं?

"तांदूळ खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "बत्ती म्याच नेली."

कमलाने कपाळावर हात मारून घेतला.

बत्ती कुठे आहे, हे मात्र भय्याजींना सांगता येईना. चोरी कबूल करणं सोपं असतं, ती न करता कबूल केली की पंचाईत होते. "इकली," एवढं बोलून ते घरात गेले.

दोन दिवसांनी सुखराम लग्नाहून परतला. हातात गॅसबत्ती, लख्ख पुसलेली. "पंप खराब होगे रिहिस," तो म्हणाला, "त सुपेला ले गे रहेंव बनवाय बर. उहें ले बिहाव म चल देंव." म्हणजे दुरुस्तीला सुपेल्याला नेली, आणि तिथूनच गडी लग्नाला गेला.

भय्याजी आनंदाने बाहेर धावले. "पाहा! म्या नेलीच नव्हती! मी उगीच..."

"उगीच कोन चोरी कबूल करते?" चंपत म्हणाला.

"सुखरामले तुमीच पटवलं असन," फकिरा म्हणाला. "तांदूळ खोटं बोलत नाही भय्याजी. तुमीच शिकवलं आमाले."

जानराव एकटा ओरडून ओरडून सांगत होता की बत्ती चोरीला गेलीच नव्हती, चोर आणायचा कुठून. त्याचं कोणी ऐकलं नाही. मारुती न मानणाऱ्याकडून तांदळाचा कायदा कोण शिकणार? लाइनीने भय्याजींना वाईट वागवलं नाही. फक्त नळावर कमला आली की बायका आपापली भांडी जवळ ओढू लागल्या. महिन्याभरात दोघांनी सुपेल्यात खोली घेतली.

शालिकराम तिथे एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत असे. भय्याजी त्याला टाळत होते, पण सुपेला तेव्हा होता केवढा? एका संध्याकाळी गाठ पडलीच. शालिकरामने हातातली ट्यूब खाली ठेवली, स्टूल पुसून दिलं आणि काही विचारायच्या आत पेलाभर पाणी आणलं.

"आयकलं मी," तो म्हणाला. "तुमचेबी कोरडे निघाले."

मग भय्याजींचा बांध फुटला. डॉक्टर, बाटली, दोन नसा, चिंच, सगळं त्यांनी सांगितलं. पहिली नस औषधाने कशी अडते, यात माणसाचा काहीच कसूर कसा नसतो, हे त्यांनी दोनदा समजावलं. शालिकराम शांतपणे ऐकत होता. त्याची बाजू इतक्या नीटपणे मांडताना त्याने आजवर कोणाला ऐकलं नव्हतं.

"तुमच्यापाशी औषध तरी होतं," तो म्हणाला. "मी तं नुसता भेलो होतो."

"भेव कायचं पन तुले? म्या विचारलं होतं तवा. देवाले भेला होता काय?"

"नाही जी," शालिकराम म्हणाला. "तुमाले भेलो होतो."

भय्याजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. औषध संपून तर पंधरा दिवस झाले होते.