नवरात्रातल्या रविवारचं दळण

मित्रांनो, जरा जवळ या आणि मोठ्यानं बोला! मला हळू ऐकू येत नाही आणि हळू बोलता तर मुळीच येत नाही. ताडकळसच्या बाजारगल्लीत लिंबाजीच्या घराला लागून जी जुनी पिठाची गिरणी धडधडते ना, तीच मी. माझा हिरवा रंग केव्हाच उडालाय आणि पट्ट्याला ठिगळं आहेत, पण बटण दाबलं की अजूनही शेजारच्या घरातली भांडी वाजतात! आज तर मला गप्प राहवतच नाही, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट आठवली की माझे दगड आपोआप फिरायला बघतात.

माझा जन्म परभणीच्या एका कारखान्यातला. तिथं पाथरवटानं माझ्या दोन्ही दगडांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं बारीक खाचा पाडल्या. त्या खाचांशिवाय गिरणी म्हणजे नुसतं धोंड्याचं ओझं! लिंबाजीच्या लग्नाच्या वर्षी मी टेम्पोत बसून इथं आले. गल्लीतली पोरं टेम्पोमागं पळत होती, म्हाताऱ्या माणसांनी मला हात लावून पाहिलं. सुमनबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं माझ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली. लिंबाजीच्या आज्यापासून हे घर ख्रिस्ती, आणि गावात असं घर एवढं एकच. नारळ फोडायला आलेली मंडळी जरा बिचकली, पण पहिलं पीठ पडल्यावर सगळ्यांनी चिमूट चिमूट उचलून बोटांत चोळलं. “लय मऊ दळती बगा!” असं कुणीतरी म्हणालं आणि मी फुगून गेले.

तेव्हापासून सुमनबाईची एक रीत आहे. सकाळी उठून ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते आणि जे मनाला लागलं असेल ते एका ओळीत खडूनं माझ्या पत्र्यावर लिहिते. मगच बटण दाबते. दळायला आलेल्या बायका रांगेत उभ्या राहून ती ओळ वाचतात. कडूबाई म्हणून एक आहे, जिभेची तिखट. ती म्हणायची, “आज लय लांबलचक लिवलंस गं. वाचूस्तोवर दळण व्हतंय!” तरी वाचल्याशिवाय ती डबा उचलायची नाही, बरं का. संध्याकाळपर्यंत माझ्यावर पिठाचा थर बसतो आणि ओळ दिसेनाशी होते. सुमनबाई म्हणते, “पत्र्यावरची जाऊ दे, माझ्यातली राहिली म्हंजी झालं.”

मधली वर्षं मात्र वाईट गेली. दुकानात पाकिटातलं पीठ आलं, लोकांनी घरात लहान गिरण्या घेतल्या, आणि मी दिवसदिवस उभी. एका कोंबडीनं तर माझ्या मोटारीमागं अंडी घातली! पण नवरात्र आलं की माझा मान परत यायचा. उपासाची भगर दळायला बायका माझ्याकडंच यायच्या. कारण सांगते. उपासाच्या पिठात दुसऱ्या धान्याचा कणसुद्धा चालत नाही. त्यासाठी दगड उघडायचे, कुंच्यानं कोपरा न् कोपरा झाडायचा, मग मूठभर भगर दळून ती कोंबड्यांना टाकायची आणि त्यानंतर खरं दळण घालायचं. सुमनबाईचा स्वतःचा तो उपास नाही, पण झाडण्यात तिनं कधी कसूर केली नव्हती. म्हणून गल्लीतल्या कमलबाई, नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्या, सगळ्या उपासवाल्यांची भगर एकाच डब्यात घेऊन यायच्या. त्या कधी उभं राहून तपासायच्या नाहीत. डबा ठेवायचा, बाकड्यावर बसायचं, पीठ झालं की उचलायचा.

आता ऐका त्या रविवारचं! रविवारी एरवी माझा पट्टा उतरवलेला असतो, पण नवरात्रात सुमनबाई सकाळी थोडा वेळ मला चालू ठेवते, खास कमलबाईंसाठी. यंदाच्या नवरात्रातला रविवार हा नेमका महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी परभणीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकरीचा घास घेतात, आणि त्याची बेखमीर भाकर, म्हणजे खमीर न घातलेली गव्हाची भाकर, या खेपेला सुमनबाईनं करून आणावी असं तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! बाई हरखून गेली होती. गहू निवडले, धुतले, वाळवले, परत निवडले. लिंबाजी हसून म्हणाला, “अगं, त्या गव्हाला आता चष्मा लागंल!”

आणि ते गहू तिनं पहाटे माझ्यातच दळले. प्रभुभोजनाचं पीठ माझ्या दगडांतून पडत होतं, मित्रांनो! मी कशी फिरत होते ते विचारू नका. तेवढ्यात डबा घेऊन कमलबाई आल्या. सुमनबाई गीत गुणगुणत होती, डोळ्यांपुढं साडेआठची बस होती, मन केव्हाच परभणीला पोचलं होतं. तिनं गव्हाचं पीठ बाजूला घेतलं आणि भगर सरळ माझ्यात ओतली.

कुंचा खिळ्यालाच!

मी ओरडले. पण मी रोजच ओरडते, माझं ओरडणं कोण मनावर घेणार? पीठ झालं. कमलबाईंनी डबा डोक्यावर घेतला आणि “प्रभूला माझा बी नमस्कार सांग गं,” म्हणून निघून गेल्या.

सुमनबाईनं कणीक मळली, चूल पेटवली आणि माझा पट्टा उतरवायला आली. हात वर गेला आणि तिथंच थांबला. कुंचा खिळ्यावरच होता, पिठाचा कणही न लागलेला. तिनं माझ्या दगडाच्या कडेला बोट घातलं. बोटावर गव्हाचा तांबूस कोंडा आला. “अगं बाई!” ती ओरडली.

“काय झालं गं?” लिंबाजी धावत आला.

“गव्हावरच भगर दळली मी. झाडलंच न्हाई. कमलकाकूंचा, समद्यांचा उपास मोडायलेय मी!”

लिंबाजीनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग दार लोटून घेतलं. “चिमूटभर गहू गेला आसंल. कोणाला कळायलंय? गप ऱ्हा.”

“आवो, पर...”

“ऐक माझं! गावात आपलं एकच घर हाय. उद्या म्हनतील, किरिस्तावाच्या बायकोनं मुद्दाम आमचा उपास बाटवला. एक बी दळण यायचं न्हाई. मग ही गिरणी काय भंगारात घालायची?”

भंगार! तो शब्द ऐकून माझ्या पत्र्याला कापरं भरलं. खरं सांगते, मी लिंबाजीच्या बाजूनं होते. गप बस बाई, मी मनात म्हणत होते, भाकर शेक आणि बस पकड.

सुमनबाई माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं नाही, माझ्या पत्र्यावर. तिनंच पहाटे लिहिलेली ओळ तिथं होती. तिचा अर्थ असा, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की कुणाचं तरी तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. तिनं ती ओळ निवडली होती प्रभुभोजनाचा दिवस म्हणून. आता ती ओळच तिला धरून बसली होती.

“बस चुकंल,” लिंबाजी म्हणाला. “तिकडं समदी मंडळी वाट बगंल. भाकर कोण नेनार?”

“आन् ती भाकर घेऊन मी कोणत्या तोंडानं जाऊ?” असं म्हणून तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं, दार उघडलं आणि पळाली. एक चप्पल पायात आणि एक उंबऱ्यात!

मग काय झालं, ते मला दिसलं नाही. मला फक्त गल्ली ऐकू येत होती. लिंबाजी आत-बाहेर करत होता. माझी मोटार गार पडत चालली होती. आणि मग आवाज आला, बायकांचा, एकदम आठ-दहा जणींचा! पुढं कडूबाई, तिच्या डोक्यावर तोच डबा, मागं इतर, आणि सगळ्यांत मागं पदरानं डोळे पुसत सुमनबाई.

कडूबाईनं डबा ओट्यावर आपटला. “बग लिंबाजी, तुझ्या बायकोचे गुण! पहिली भाकरी तव्यावर व्हती. अजून थोडं उशिरा आली आस्ती तर नऊ दिसांचं पुण्य पाण्यात! मुद्दाम केलंय हिनं, मी सांगते!”

“कडू, थांब,” कमलबाई म्हणाल्या. त्या माझ्याच बाकड्यावर बसल्या, रोज बसायच्या तशा. “सुमन, तू आली नसतीस तर मला कळलं आस्तं का?”

“न्हाई, काकू.”

“मग कशापायी आलीस?”

सुमनबाईला हुंदका आवरेना. “मला कळलं व्हतं की, काकू! तुमी उपाशीपोटी देवीम्होरं बसायच्या, आन् मी तुमाला फसवून प्रभूम्होरं बसायची. कशी बसू? घास तर उतराया पायजे ना!”

माझ्याकडं आसवं नाहीत, मित्रांनो, नाहीतर मीही रडले असते. कडूबाईच म्हणाली, पण आवाज उतरला होता, “ते समदं खरं, पर आता आमी खावं काय? भगर तर संपली.”

बघते तो लिंबाजी तिथं नाही! तो किराणा दुकानाकडं निघाला होता. घाम पुसत आला तेव्हा त्याच्या हातात नव्या भगरीची पिशवी होती, आणि त्याची मान खाली होती. “चूक आमची हाय, काकू,” एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात स्टँडकडून बसचा हॉर्न आला. परभणीची बस निघाली होती. सुमनबाईनं एकदा तिकडं पाहिलं आणि खिळ्यावरचा कुंचा काढला.

“तुजी बस गेली न्हवं?” कमलबाईंनी विचारलं.

“जाऊ द्या, काकू. आधी तुमचं दळण.”

“आन् ती फडक्याखालची कणीक?”

“चर्चमधी न्यायची व्हती. आजची भाकर मी करायची व्हती.”

कमलबाई उठल्या. रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले आणि सरळ चुलीपुढं जाऊन बसल्या! “तू माझी भगर दळ,” त्या म्हणाल्या. “तुजी भाकर मी शेकते.”

“काकू! तुमचा उपास हाय!”

“शेकायची हाय, खायची न्हाई! तेल लावायचं का ते सांग.”

“न्हाई काकू, कोरडीच.”

अहाहा! काय ती सकाळ! एकीकडं माझे दगड उघडले, कुंचा फिरला. कडूबाईनं स्वतः फटीफटीत बोट घालून पाहिलं आणि दोनदा परत झाडायला लावलं. मूठभर भगर कोंबड्यांना गेली. मग बटण दाबलं आणि मी अशी सुटले, की वाटलं पट्टा तुटतो की काय! आणि दुसरीकडं, दारातून मला दिसत होतं, देवीचा उपास धरलेली बाई प्रभुभोजनाची भाकर हलक्या हातानं फिरवत होती. धूर डोळ्यात गेला तरी तिनं तोंड फिरवलं नाही, भाकर करपेल म्हणून. लिंबाजी मधेच उभा राहून कधी इकडं बघे, कधी तिकडं, आणि नाक पुसे.

भाकर धुतलेल्या रुमालात बांधली गेली. कमलबाईंनी गल्लीत हाक मारली, “दत्ता, आरं दत्तराव! गाडी काढ! सुमनला परभणीला सोड, आन् रस्त्यात कुटं च्याला थांबशील तर बग!” त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला. सुमनबाई मागं बसली, रुमाल पोटाशी धरून. दोन्ही पायांत चपला आहेत की नाही हे या वेळी कडूबाईनं वाकून पाहिलं!

दुपारी ती परतली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता! लिंबाजीला सांगताना शब्दावर शब्द पडत होते. ती पोचली तेव्हा प्रभुभोजनाच्या आधीचं शेवटचं गीत चाललं होतं. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेऊन विचारलं, “तूच शेकलीस ना? लय छान झालीय.” तिनं सगळं सांगून टाकलं, चुकीसकट, सगळ्यांसमोर. मग एका म्हाताऱ्या बाईनं म्हटलं, “त्या कमलबाईंना आमच्या समद्यांचा सलाम सांग.” तो सलाम पोचवायला सुमनबाई चहाही न घेता परत कमलबाईंकडं पळाली.

आणि मी? मी भंगारात गेले असेन असं वाटलं की काय तुम्हाला! दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला डबा कडूबाईचा होता. “मी सोताच झाडनार हाय,” ती म्हणाली. “तुज्यावर भरोसा न्हाई मला.” आणि तिनं कुंचा घेऊन मला असं लख्ख केलं, की माझ्या जन्मात मी इतकी स्वच्छ नव्हते! तिच्या मागं रांग होती. मग ती पत्र्यापाशी वाकली, कालची ओळ पुसट झाली होती ती निरखत राहिली, आणि सुमनबाईला म्हणाली, “आज काय लिवनारेस? लवकर लिव. वाचल्याबिगर मी दळू द्यायची न्हाई.”

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत माझ्यासारखी एखादी गिरणी उरली असेल तर तिच्याकडं जात जा. तिच्या दगडांची धार गेली तर टाकी लावायला सांगा. नवं धान्य घालण्याआधी आधीच्याचा कण न् कण झाडून काढा, मग ते धान्य कुणाच्याही देवाचं असो. आणि हातून चूक झालीच, तर दार लोटून बसू नका. अनवाणी असाल तर अनवाणी, पण समोरच्यानं पहिला घास उचलायच्या आत पळत जा!