गोमाजीच्या भट्टीतला दगडी कोळसा

थांबा, हात काळे होतील म्हणून मागे सरू नका. मी दगडी कोळसा बोलतोय. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' असं म्हणून तुम्ही मोकळे होता. पण मला उगाळायला सांगितलं कोणी? जाळून बघा की!

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी मी झाड होतो. दलदलीत पडलो, वर गाळाचे थर चढले. कोट्यवधी वर्षं त्या भाराखाली दबून मी काळा आणि टणक झालो. मग झरियाच्या खाणीत एका माणसाने पहार घालून मला फोडलं आणि त्याच्या बायकोने टोपलीतून वर आणलं. तिथे माझ्यातले दगड वेचून मला चाळलं. आगगाडीने मुंबई गाठली आणि खाडीकाठच्या दासगावला येणाऱ्या आगबोटीच्या पोटात जाऊन पडलो.

त्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा हैदर आगवाला होता, पोलादपूरकडचा. सन एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात खलाशांच्या मुकादमाला, सारंगाला, विचारून त्याने तळाशी उरलेल्या आम्हा खड्यांना गोणीत भरलं आणि कापडे गावच्या गोमाजी लोहाराला नेऊन दिलं. जंगलात लाकूड धुमसवून कोळसा पाडायला सरकारची बंदी आलेली, त्यामुळे गोमाजीची भट्टी थंड होती. आणि दारात चंद्राबाई बसून होती.

तिचा नवरा माघात वारला होता, आणि आता नांगराचा फाळ मोडला होता. "पेरणीआधी माझा नांगर नाय लागला तर दीर त्याचा घालील," ती म्हणाली. "एकदा त्याचा नांगर फिरला का शेत त्याचंच झालं, दादा."

गोमाजीने मला लाकडी कोळशासारखं सरळ भट्टीत लोटलं आणि भाता ओढला. मी तरी काय करणार? अंगातलं गंधक आणि डांबर भसाभस बाहेर पडलं. सगळे खोकून बेजार झाले. फाळाचा सांधा काही धरेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्यो कोळसा नाय, पाप हाय!" गोमाजी खेकसला.

त्याची बायको तुळसा मात्र कोळसा पाडणाऱ्यांची लेक. "आवो, ह्याला अजून पाडलाय कुठं?" म्हणत तिने आम्हाला अंगणात रचलं, आग लावली आणि वर पाला नि ओली माती लिंपली. दोन दिवस आम्ही आत धुमसलो. सगळी घाण धुरावाटे गेली. बाहेर आलो तो करडा आणि हलका होऊन. शहरात याला कोक म्हणतात. तुळसाला नाव कशाला हवं?

पुन्हा भाता चालला. या खेपेला ना धूर, ना वास. फाळ पांढराशुभ्र तापला, घण बसला आणि सांधा धरला.

मृगात चंद्राबाई परत आली. पाय चिखलाने भरलेले.

"लागला गो नांगर," ती तुळसाला म्हणाली. "दीर बैल घेऊन बांधावर आला व्हता. बघून माघारी गेला."

"पण रुमणं कोणी धरलं?" गोमाजीने विचारलं. बाईने नांगराची मूठ धरायची नाही, अशी इकडची रीत.

चंद्राबाईने दोन्ही तळहात पुढे केले. फोडांनी भरलेले. तुळसाच्या डोळ्यांना पाणी आलं. गोमाजीने हातातला घण खाली ठेवला.

"उद्या मी येतो," तो म्हणाला. "रुमणं तूच धर. मी बैलांच्या म्होरं चालतो."

माझ्या सोबत्यांची राख झाली. मी एक अर्धा जळका खडा कोपऱ्यात उरलोय. आजउद्या मीही जाईन, आणि मला त्याचं जराही दुःख नाही. फक्त एवढं ऐका: वाटेत कुठे नांगर धरलेली बाई दिसली, तर बांधावरून हसू नका.