वाचाल तर केस वाचतील

फळीवर बसवलेलं मूल केस कापताना स्वस्थ बसेल, तर ते मूल कसलं? म्हणून गल्लीतल्या केशकर्तनालयाच्या मामांनी एक युक्ती काढली होती. पुस्तक आरशाला टेकवून ठेवायचं आणि कात्री चालवता चालवता मोठ्यांदा वाचायचं. गोष्ट एका अस्वलाची होती. अस्वल जहाजाचा कप्तान होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. मुलं तोंड उघडं टाकून ऐकायची.

एके दिवशी एक वजनदार गिऱ्हाईक मामांच्या चष्म्यावर बसलं. चष्मेवाला लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेलेला. केस कापायला मामांना चष्मा लागत नसे, हाताला सवय होती. पण अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. शेवटी त्यांनी पुस्तक फळीवरच्या पोराच्या हातात दिलं.

"आज तू वाच, मी ऐकतो."

"अ... स्व... ल... शि... डी..." पोरगं अडखळत निघालं.

मामांना एक खोड होती. कान गोष्टीत गुंतले की हात थांबत नसे. अस्वल शिडी उतरून तळाशी पोचलं, तोवर पोराचं डोकं तुळतुळीत झालं होतं.

पोराची आई तणतणत आली. "अहो, हे काय केलंत?"

"मी काय करू ताई? अस्वल शिडीवरून उतरेचना."

क्षणभर विचार करून आई पोराकडे वळली. "मग भराभर वाचायला काय झालं होतं रे तुला?"

झालं! गल्लीला नियम पटला. नीट वाचणाऱ्याचे केस सुबक कापले जात, चाचपडणाऱ्याचे बारीक, आणि जोडाक्षरं कच्ची असली तर चकोट. शाळेतल्या बाईंनी परीक्षा घेणं सोडूनच दिलं. वर्गात शिरल्या की त्या नुसती डोक्यांवरून नजर फिरवत आणि गुण मांडत. घरोघरी पोरं साबणाच्या कागदापासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत दिसेल ते वाचत सुटली.

पुढे टकली मुलंच दुकानात यायला लागली.

"मामा, केस कापा."

"कुठले रे?"

"असतील तेवढे." आणि फळीवर चढून पुस्तक उघडायची. जहाजाला भोक पडलं होतं, ते बुजलं की नाही हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवेना. मामाही हवेत कात्री चालवत ऐकायचे. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या वाढत गेल्या.

एकटी मामांची भाची तेवढी दुकानाकडे फिरकेना. कमरेपर्यंतच्या वेणीमुळे तिला सगळे शेपटी म्हणत. पुस्तक म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. एक दिवस तिच्या आईने तिला कानाला धरून आणलं.

"दादा, हिचंही बघ बाबा काहीतरी."

शेपटी फळीवर बसली. एका हाताने वेणी घट्ट धरून दुसऱ्या हाताने तिने पुस्तक उघडलं. मामा कात्री उगारून उभे. शेपटीने पान उलटलं. पुन्हा एक उलटलं. आणि एकदम खो खो हसत सुटली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. मनात वाचतेय मी, मामा."

मामांनी कात्री खाली केली. "आणि मग मला कसं कळायचं?"

"नाही कळायचं," शेपटी म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

कानावर काहीच पडेना, म्हणून मामांचा हातही चालेना. वेणी शाबूत राहिली. ही बातमी बाहेर फुटली मात्र, सगळी मुलं मनात वाचायला लागली. बाकावर चौघं-चौघं एका पुस्तकात डोकं खुपसून बसायची, एकाच ओळीला एकदम खिदळायची. एकाने तर बाहीला डोळे पुसले. मामा त्यांच्याभोवती घिरट्या घालायचे. "बुडालं का रे? एवढं एकच सांगा!"

"श्श!"

मामांचं जेवण कमी झालं. शेवटी शेपटीलाच त्यांची दया आली.

"मामा, सांगण्यात मजा नाही. तूच वाच."

"मुंग्या वाचू का?"

शेपटीने दाढीच्या फेसाचा वाडगा उचलला, स्टुलावर चढली आणि आरशावर वीतवीतभर अक्षरं काढायला लागली. 'अस्वलाने टोपी काढली आणि...' मामा खुर्चीत बसून ओठ हलवत वाचू लागले. पण फेस तो फेस! वरची ओळ खालच्या ओळीवर ओघळायला लागली.

"मामा, आटप! टोपी घसरतेय!"

मामांनी जन्मात कधी वाचलं नव्हतं इतकं भराभर वाचलं. टोपी भोकात कोंबली गेली, पाणी थांबलं, तेवढ्यात टोपीच आतल्या आत हलायला लागली, आणि वाडगा रिकामा झाला. साबणही संपला होता. शेपटीने दुकानभर नजर फिरवली. शेजारच्या खुर्चीत एक वकीलसाहेब तोंडभर फेस लावून केव्हाचे वाट बघत बसले होते.

"काका, हलू नका हं," असं म्हणत तिने त्यांच्या डाव्या गालावरून बोटभर फेस घेतला.

"घे बाळा, घे," वकीलसाहेबांनी उजवा गालही पुढे केला. "पण मोठी अक्षरं काढ. मलाही इथून दिसायला हवं."