ज्याची त्याची कोठी

निमेषने कपिलाबेनची पर्स टेबलावर उलटी केली आणि वर दोनदा झटकली. तपकिरीची डबी, दात मोडलेला कंगवा, गुडघ्याचं मलम, मूळव्याधीच्या गोळ्यांची पट्टी, घरची किल्ली. पेन ड्राइव्ह काही निघाला नाही. निमेषने गोळ्यांची पट्टी उचलून नाव वाचलं आणि हसू दाबत परत ठेवली.

कपिलाबेनला शिसारी आली. बावीस वर्षं ती ठाकोरशेठच्या मागांसाठी साड्यांचे काठ आखत होती. सुरतेतल्या निम्म्या लग्नांत तिचे मोर नाचून आले होते, आणि आज तिची औषधं जुन्या बाजारातल्या भंगारासारखी चारचौघांत मांडून ठेवली होती.

भानगड नऊ दिवसांची. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आला. काठ आखायचा प्रोग्राम मात्र बारा वर्षांपूर्वीचाच, कारण जुने काठ दुसऱ्या कशात उघडतच नसत. निमेष शेठचा मुलगा. त्याने नव्या यंत्रावर शेठ, कपिलाबेन आणि स्वतः अशा तिघांना वेगवेगळं नाव आणि वेगवेगळा पासवर्ड दिला. कोण किती काम करतं ते कळावं म्हणून. शेठचा रिवाज असा, की सकाळी पूजा आटोपून यायचं, पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावायचं आणि आदल्या दिवशीचे काठ बघायचे. नऊ सकाळी त्यांना नवा काठ एकही दिसला नाही. कपिलाबेन आपल्या नावाने बसली की सगळे हजर, शेठ बसले की गायब.

"बेन पेन ड्राइव्हवर घरून लपवून आणतात, दाखवतात, संध्याकाळी परत नेतात," निमेषचं निदान तयार होतं. "समोरच्या पेढीला देत असणार. माझेसुद्धा तीस काठ गेले, पप्पा."

चोरी पकडायला म्हणून शेठनी होमीला बोलावलं होतं. हा प्रोग्राम बसवून देणारा म्हातारा पारशी तोच. तो बशीतून चहा पीत टेबलावरच्या पसाऱ्याकडे बघत होता.

"ठाकोर, बाईमाणसाची पर्स ओततोस? लाज विकून खाल्लीस काय?"

"तू तुझं काम कर, होमी."

होमीने कपिलाबेनला तिच्या नावाने आत शिरायला सांगितलं. मग लपवलेले फोल्डर उघडे केले आणि एकातून दुसऱ्यात असा आत आत गेला. शेवटच्यात एकेचाळीस काठ ओळीने बसले होते. सगळ्यात वर जोडमोरांचा.

"कुठेही गेले नाहीत," तो म्हणाला. "हा प्रोग्राम जुन्या वळणाचा. सामान आपल्याच घरात ठेवायची त्याला सवय. नवी सिस्टीम ठेवू देत नाही, पण तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नाही. 'ठेवलं हं' म्हणते आणि गुपचूप ज्याच्या त्याच्या कोठीत टाकते. बेनचं बेनच्या कोठीत. तू बसलास की तुला तुझीच कोठी दिसणार."

"म्हणजे तीही तोंडदेखलंच बोलते," कपिलाबेन म्हणाली.

शेठनी सुस्कारा सोडला. "चला. माणसाचा दोष नाही, यंत्राचा निघाला."

कपिलाबेनने गोळ्यांच्या पट्टीकडे पाहिलं. पर्स काही यंत्राने ओतली नव्हती.

"आता निमेषची कोठी उघडू," होमीने बशी बाजूला ठेवली. "त्याचे तीसही काढून देतो."

"राहू दे काका, मी नंतर बघेन."

"नंतर कशाला? पासवर्ड टाक, बेटा."

निमेषचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. होमी एक फोल्डर आत गेला, दुसऱ्यात गेला, आणि पुढे वाटच नव्हती.

"रिकामी आहे का?" शेठनी विचारलं.

"रिकामी नाही, ठाकोर. कोठीच नाही. पहिली वस्तू ठेवली की ती बांधली जाते. याने एक रेघही कधी ठेवलेली नाही."

मागच्या शेडमध्ये माग खडखडत होते. शेठनी मुलाकडे पाहिलं नाही. बराच वेळ ते बोटावरचं वाळलेलं कुंकू अंगठ्याने खरवडत राहिले.

"होमी, सगळ्यांची एकच कोठी करून दे," शेवटी ते म्हणाले. "बेन, झालं गेलं. पर्स भरा आणि बसा. मोर आजच मागावर चढवायचेत."

कपिलाबेनने हात पुढे केला नाही. बावीस वर्षांत तिने या टेबलाशी कधी आवाज चढवला नव्हता, आत्ताही चढवला नाही.

"ज्याने ओतली, त्याने भरावी."

निमेष हसला आणि बापाकडे बघू लागला. शेठ पडद्यावरच्या मोरांकडे बघत होते.

"भर," ते म्हणाले.

निमेषने आधी किल्ली उचलली. मग कंगवा, मलम, डबी. गोळ्यांची पट्टी टेबलावर तशीच राहिली. कपिलाबेन पर्सचं तोंड उघडं धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती.