प्रिंटरच्या यादीत भाऊ

सकाळी साडेदहाला आमच्या नोंदणी कचेरीतली नऊ माणसं एकाच स्क्रीनपुढे गर्दी करून उभी होती. छापायला प्रिंटर निवडायची जी यादी उघडते, तिच्यात एकच नाव होतं: 'भाऊ'. आमच्याच कचेरीतल्या भाऊंना जाऊन पाच महिने झाले होते.

बाकीच्या कॉम्प्युटरवरही तेच. तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. 'तिला माझ्या खुर्चीवरून उठवा.'

ती म्हणजे वहिनी, भाऊंची बायको. भाऊंच्या जागी तिला नोकरी मिळाली होती. घरी दोन लेकरं, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि मिळवती ती एकटीच.

दुपारी हेडक्लार्क एका महाराजांना घेऊन आले. महाराजांनी प्रिंटरवर हात ठेवून डोळे मिटले. "आत्मा वायरीत अडकलाय. वायफायमधून फिरतोय."

"वायफायला वायर नसते," मी म्हणालो.

"म्हणूनच तो कुणाला सापडत नाही," महाराज शांतपणे म्हणाले. "शुक्रवारपर्यंत खुर्ची सोडली नाही, तर तो लेकरांना बोलावून घेईल."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या दिवसापासून प्रिंटरजवळ कुणी एकटं जाईना आणि वहिनीशी कुणी बोलेना.

गुरुवारी यादीतलं नाव बदललं: 'धाकटी'. वहिनीच्या मुलीला घरात याच नावाने हाक मारत. वहिनी पांढरीफटक पडली. तिने कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहायला घेतला. हेडक्लार्कांनी स्वतःचं पेन पुढे केलं. महाराज शेजारी पुटपुटत उभे होते. आणि आम्ही सगळे नुसते बघत होतो.

मी एकच काम बरं केलं होतं. सकाळी प्रिंटर दुरुस्तीवालीला फोन लावला होता. ती आली, यादी पाहिली आणि खुर्ची ओढून बसली. दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं. "आता बघा यादी."

यादीत नाव होतं: 'महाराज वारले'.

महाराजांचं पुटपुटणं थांबलं.

"नेटवर्कवरचा प्रिंटर थोड्या थोड्या वेळाने आपलं नाव पुकारतो," ती म्हणाली. "कॉम्प्युटर ते ऐकतात आणि यादीत घेतात. खरं की खोटं, कुणी तपासत नाही. नाव बदलू नये म्हणून सेटिंगला पासवर्ड घालतात. तुम्ही तो घातलेलाच नाही. ज्याला ठाऊक, तो जागेवर बसून हवं ते नाव ठेवेल."

"आणि तो कागद?" मी विचारलं.

"छापायला कुठून पाठवलं, त्याची नोंद प्रिंटरकडे असते." तिने ती छापून माझ्या हातात दिली. नोंदीतला कॉम्प्युटर हेडक्लार्कांच्या टेबलावरचा होता. वहिनीच्या खुर्चीसाठी त्यांचा भाचा अर्ज घेऊन दोनदा येऊन गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. महाराज कधी निघून गेले, कळलंही नाही.

वाचकहो, भीती वाटली तर वाटू द्या. फक्त कुणाच्या हाती पेन देण्याआधी विचारा, हे एखाद्या माणसाला करता येईल का, आणि त्यात कुणाचा फायदा आहे? आम्ही नऊ शिकलेल्या माणसांनी विचारलं नाही.

वहिनीने राजीनामा फाडला. मग दुरुस्तीवालीकडून शिकून प्रिंटरला स्वतः नाव दिलं, 'नोंदणी, पहिला मजला', आणि पासवर्ड घातला.

"तुम्ही घाबरलात, ते समजू शकते," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "पण अकरा वर्षं त्यांच्याबरोबर डबा खाल्लात. ते स्वतःच्या लेकीबद्दल असं बोलतील का, एवढं तरी कुणाच्या मनात यायला हवं होतं."