डावं दार

"डोळे मीट आणि हात फिरव," राजरत्न म्हणाला.

अंबिकाने डबा बाकड्यावर ठेवला, हात पदराला पुसले आणि जुन्या फियाटच्या डाव्या अंगाला तळवा टेकवला. रंग चढायचा होता. राखाडी प्राइमर खडूसारखा कोरडा लागत होता.

डिलाईल रोडच्या चाळीतून हे गॅरेज हाकेवर. पण लग्न झाल्यापासून तिने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. गॅरेजात बाईमाणूस नको, हा राजरत्नचा कायदा. तो कुठल्या घटनेत लिहिलाय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. आणि आज सकाळी फोन करून म्हणे, डबा तूच घेऊन ये. का, ते काही सांगितलं नाही. म्हणून तर ती भाजी जरा कच्ची ठेवूनच घाईने निघाली होती.

हात मडगार्डवरून पुढे सरकला, फट ओलांडून दारावर गेला.

"इथे अडतंय."

"कुठे?"

"हे काय, इथे. दार बाहेर आलंय. ब्लाऊजच्या बाहीला झोळ येतो ना, तसं."

"नक्की?"

"पंचवीस बायकांचे ब्लाऊज शिवते मी महिन्याला. नक्की."

राजरत्नने वाकून बघितलं. एक डोळा मिटून, मग दुसरा. ट्यूबलाईट उचलून तिरपी धरली. मग दाराची कड अंगठ्याने चाचपत खालपर्यंत गेला आणि मान हलवली. त्याला काही कळल्याचं दिसलं नाही. पण त्याचा अंगठा गेला तिथे प्राइमरवर लाल रेघ उमटली होती.

"अहो, रक्त येतंय."

"कुठे?"

त्याने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि शोधलं. अंगठा उभा चिरला होता. दुसरा कुणी असता तर आई आठवली असती. हा माणूस स्वतःचा अंगठा परक्याचा असल्यासारखा न्याहाळत होता.

अंबिकाने बाकड्यावरची चिंधी फाडली आणि त्याचा अंगठा बांधायला घेतला. गाठ मुद्दाम करकचून आवळली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"कधीपासून?"

"जयंतीपासून. आधी बोटांची टोकं बधिर, आता सगळीच. साखर."

"डॉक्टर म्हणाला होता पायांना जपा."

"पायाने पत्रा बघतात का?"

तिला हसू आलं आणि रागही. ह्याला डबा नको होता, बायकोही नको होती, तिची बोटं हवी होती. आणि तेवढं तोंडाने मागायची लाज.

"डोळ्याला दिसत नाही का ते?"

"ट्यूबखाली प्राइमर सगळा सारखाच दिसतो. काळा रंग चढला, वर चकाकी आली, की मग बोंब मारतो. तेव्हा सगळं उतरवायचं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "संध्याकाळी अजित येतोय. त्याच्या आजोबांची गाडी. रंगाला सोडायच्या आधी हात फिरवून बघणार. त्याच्या हाताला हे लागलं ना, तर गाडी नेईल. नेऊ दे. पण या लाईनीत गाडीच्या आधी बातमी पोचते. हात मेला की पत्रा ठोकणाऱ्या डेंटरला पंक्चर काढायलाही कुणी उभं करत नाही."

अंबिकाने पदर खोचला.

"काय ढिलं करायचं ते करा."

त्याने बिजागरीचे बोल्ट सैल केले, दाराखाली लाकडाचा ठोकळा सारला. ती तळवा लावून उभी. वर घ्या. नको, जास्त झालं. आता आत. आणखी. दार केसभर सरकलं तरी हाताखाली मोठी पायरी चढल्या-उतरल्यासारखं वाटत होतं, याची तिला गंमत वाटली. वरची फट जमली की खालची बिघडे.

"असं का होतं?"

"दार एकटं नसतं. मागचा खांब, खालची पट्टी, सगळी एकमेकांना ओढतात. ही गाडी हाताने बसवलेली. दुसऱ्या फियाटचं दार हिला लागणार नाही."

"मग लिहून कुठे ठेवता हे?"

"लिहिणार काय? हाताला कळायचं."

डबा तसाच राहिला. अखेर एकदा तिचा हात मडगार्डवरून निघाला तो थेट मागच्या खिडकीपर्यंत न अडता गेला. तिने पुन्हा फिरवला. मग उलटा फिरवला, आणि बोल्ट आवळायची खूण केली.

संध्याकाळी अजित आला तो "जय भीम उस्ताद, जय भीम वहिनी" म्हणत थेट गाडीला भिडला. पुढून मागे, मागून पुढे हात फिरवला, दार उघडून लावलं. खट्ट.

"काय बोलू उस्ताद! डिक्टो कंपनीतून आल्यासारखं! हात अजून तसाच आहे तुमचा!"

राजरत्नने पुसलेलाच हातोडा पुन्हा पुसायला घेतला.

अंबिका त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने वाट बघितली. बघून झाल्यावर डबा बाजूला सरकवून ती गाडीच्या पुढे गेली. अजित बॉनेटवर हात ठेवणार, तोच म्हणाली,

"तिथे नको. ते माझं बघायचं राहिलंय."

"तुमचं?" अजित हसला. "वहिनी, तुम्ही कधीपासून?"

तिने बॉनेटवर तळवा टेकवून डोळे मिटले.

अजित राजरत्नकडे बघू लागला. मग राजरत्नने हातोडा ठेवला, पाना उचलला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कुठला बोल्ट ढिला करू?" त्याने अजितसमोर विचारलं.